‘फाइल जात नाही’ म्हणजे नेमकं काय अडतं?

गेल्या वर्षी एका छोट्या दिवाळी अंकाच्या कामात मी सापडलो होतो. चित्रकाराकडे मॅक, अक्षरजुळणी करणाऱ्याकडे विंडोज, आणि मुद्रितं तपासणाऱ्या काकूंच्या जुन्या लॅपटॉपवर त्यांच्या भाच्याने नुकतंच लिनक्स टाकून दिलेलं. अंक छापखान्यात जायच्या आधीच्या दोन दिवसांत ‘अरे, फाइल जात नाहीये’ हे वाक्य मी वीसेक वेळा तरी ऐकलं असेल. दर वेळी त्याचा अर्थ वेगळा निघाला. एकदा फाइल मोठी होती, एकदा नावात तिरकी रेघ होती. एकदा तर फाइल व्यवस्थित पोचली होती, आतली अक्षरं तेवढी उडाली होती.

ही वेळ आता बऱ्याच घरांत येऊ लागली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार (सपोर्ट) संपवला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारे अनेक संगणक त्या परीक्षेत नापास झाले. कोणी त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू अशी लिनक्सची एखादी आवृत्ती टाकली, कोणी वैतागून मॅक घेतला, कोणी ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणून विंडोज १०वरच राहिलं. एकाच घरात तीन ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा कारभार चालवणाऱ्या तीन वेगवेगळ्या मूळ व्यवस्था, नांदू लागल्या. नांदतात ठीक, पण सामानाची देवाणघेवाण करायची म्हटली की कुरबुर सुरू होते.

## कुर्डुवाडीचा फलाट

१८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. ती नॅरोगेज, म्हणजे दोन रुळांत अंतर ७६२ मिलिमीटर. कुर्डुवाडीला, तेव्हाच्या बार्शी रोडला, तिची गाठ पडायची मुंबईकडून येणाऱ्या ब्रॉडगेजशी, तिथे अंतर १६७६ मिलिमीटर. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळांवर चालणं शक्यच नव्हतं. मग माल या डब्यातून उतरवायचा, हमालांनी पलीकडे न्यायचा, त्या डब्यात चढवायचा. पोती तीच, माल तोच, तरी मध्ये हा सांधा.

एका सिस्टिमवरून दुसरीवर फाइल जाताना हेच होतं. विंडोजची फाइल मॅकवर जाते ती उचलून दुसऱ्या डब्यात भरली जाते म्हणून. या सांध्यावर काय काय अडू शकतं ते पाहा. वाटच नसेल. फाटकावरचा माणूस आत सोडत नसेल. समोरच्या डब्यात एवढं मोठं पोतं मावत नसेल. पोत्यावरची चिठ्ठी तिथल्या कारकुनाला वाचता येत नसेल. किंवा सगळं सुरळीत होऊन पोतं उघडल्यावर आतला माल ओळखू येत नसेल. संगणक या सगळ्यावर बहुतेक वेळा एकच मोघम वाक्य दाखवतो, म्हणून आपण चुकीच्या जागी दुरुस्ती करत बसतो. आपलं पोतं नेमकं कुठे अडलं, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

## आधी एक धोक्याची सूचना

मॅकवर किंवा लिनक्सवर तयार केलेली बाहेरची हार्ड डिस्क विंडोजला जोडली की एक चौकट येते. वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करू का? वाचताना वाटतं, डिस्क बिघडली. बिघडलेली नसते. विंडोजला तिच्यावरची वही वाचता येत नाही, आणि न वाचता येणारी वही कोरी करायची सूचना तो मोठ्या अदबीने करतो. ‘हो’ म्हणालात की तुमच्या डेटाची ती वही गेली. मॅकही अनोळखी डिस्क पाहून ‘इनिशियलाइझ’चं बटण पुढे करतो, त्या वाटेने शेवटपर्यंत गेलात तर परिणाम तोच. अशा वेळी रद्द करा, डिस्क काढा आणि ती जिथे तयार झाली त्या संगणकाला जोडून पाहा. तिथे उघडली तर ती ठणठणीत आहे.

ही ‘वही’ म्हणजे काय ते आता सांगतो, कारण पुढचं बरंचसं तिच्यावरच उभं आहे. डिस्कवर नुसता डेटा नसतो. कुठली फाइल कुठे ठेवली, तिचं नाव काय, आकार किती, याची नोंदही तिथेच असते. ती नोंद ठेवायच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात. आपण तिला मांडणी म्हणू. विंडोजची मांडणी एनटीएफएस, १९९३ची. मॅकची एपीएफएस, जी २०१७पासून त्या संगणकांवर आली, त्याआधी एचएफएस प्लस होती. लिनक्सची बहुतेक ठिकाणी ईएक्सटी४. प्रत्येकाची मोडी वेगळी.

## पन्नास जीबी मोकळे, तरी पाच जीबीची फाइल मावेना

हा सगळ्यात जास्त लोकांना चकवणारा प्रकार. पेनड्राइव्हवर पन्नास जीबी जागा मोकळी दिसते, त्यावर लग्नाचा पाच जीबीचा व्हिडिओ टाकायला जावं तर ‘फाइल फार मोठी आहे’ किंवा नुसतंच ‘जागा नाही’. माणूस बिचारा जुने फोटो पुसत बसतो. त्याने काहीही होणार नाही.

अनेक पेनड्राइव्ह फॅट३२ या मांडणीत येतात. ही १९९६ची. तिच्या वहीत फाइलचा आकार लिहायला ३२ बिट एवढीच जागा ठेवलेली आहे. एखाद्या अर्जात रक्कम लिहायला चारच चौकोन असले तर ९,९९९च्या पुढची रक्कम लिहिता येत नाही, खात्यात लाखो असले तरी. तसंच हे. ३२ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा आहे ४,२९,४९,६७,२९५, आणि तेवढ्याच बाइटांची, म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी, फाइल त्यावर ठेवता येते. १९९६ला चार जीबीची एकच फाइल कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

विंडोजवाले मग ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करतात. मोठ्या फाइली मावतात, पण तो ड्राइव्ह मॅकला लावला की नवा घोळ. मॅक एनटीएफएस वाचतो, त्यावर लिहीत नाही. फाइली दिसतात, उघडतात, पण नवी फाइल ओढून टाकायला गेलं की ती तिथे बसतच नाही. आमचा चित्रकार याच ठिकाणी अर्धा तास अडकला होता. ड्राइव्हवर कुठे बारीक कुलूपबिलूप आहे का, ते तो शोधत होता.

तिघांनाही वाचता-लिहिता येणारी आणि मोठ्या फाइली मावणारी मांडणी म्हणजे एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ती २००६ला आणली. तिचा तपशील बरीच वर्षं खुला नव्हता, तो ऑगस्ट २०१९मध्ये जाहीर झाला, आणि २०२०पासून लिनक्सच्या गाभ्यात तिला पक्की जागा मिळाली. ड्राइव्ह सगळीकडे फिरवायचा असेल तर फॉरमॅट करताना एक्सफॅट निवडा. आधी त्यावरचं सगळं दुसरीकडे ठेवा, हे सांगायला नको, तरी सांगतो.

## मग सगळीकडे एक्सफॅटच का नको?

कारण ती भाबडी आहे. एनटीएफएस आणि ईएक्सटी४ कुठलाही बदल पक्क्या वहीत करण्याआधी कच्च्या वहीत टिपून ठेवतात. मध्येच वीज गेली तर कच्ची वही पाहून सावरता येतं. एक्सफॅटकडे कच्ची वही नाही. लिहिता लिहिता ड्राइव्ह ओढून काढलात तर पान अर्धवट राहतं, आणि कधी कधी सगळीच वही विस्कटते. कोणाला कुठली फाइल बघू द्यायची याच्या नोंदीही ती ठेवत नाही. म्हणून एक्सफॅट निरोप्या म्हणून उत्तम, कोठार म्हणून नको. वर्षानुवर्षांचे फोटो एकट्या एक्सफॅट डिस्कवर ठेवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्याबद्दल काळजी वाटते.

उलट बाजूने, जुन्या टीव्हीला किंवा गाडीतल्या म्युझिक सिस्टिमला बहुधा फॅट३२च कळतं. तिथे एक्सफॅट लावून ‘गाणी दिसत नाहीत’ म्हणू नये.

## शंभर टक्के झालं की काढायचं ना?

नाही. लिनक्सवर तर मुळीच नाही. पेनड्राइव्ह हळू असतो, म्हणून सिस्टिम फाइल आधी स्वतःच्या मेमरीत उचलते, तुम्हाला ‘झालं’ म्हणून दाखवते आणि मागून सावकाश ड्राइव्हवर लिहीत बसते. टपालपेटीत पत्र टाकलं म्हणजे ते पोचलं असं होत नाही. मोठी फाइल असेल तर ‘इजेक्ट’ दाबल्यावर कित्येक मिनिटं लागतात. तेव्हा ते खरं काम चालू असतं. मॅकवरही इजेक्ट करूनच काढावा. विंडोज १०च्या २०१८च्या उत्तरार्धातल्या आवृत्तीपासून पेनड्राइव्ह लगेच काढता येईल अशी सोय मुळातच लावलेली असते, पण तिथेही कॉपीची पट्टी संपायच्या आत हात लावू नये.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलेल्यांना याचाच एक चुलतभाऊ भेटतो. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतो, आणि वही उघडीच टाकतो. लिनक्स ती उघडी वही पाहून शहाण्यासारखा बाजूला होतो. वाचतो, लिहीत नाही. गंमत म्हणजे ‘रीस्टार्ट’ केलं तर विंडोज खरोखर पूर्ण बंद होतो. फास्ट स्टार्टअप बंद करा, प्रश्न मिटतो. अशा संगणकांवर फाइलींच्या वेळाही साडेपाच तासांनी पुढेमागे दिसू शकतात. विंडोज आतल्या घड्याळात भारतीय वेळ धरतो, लिनक्स ग्रिनिचची जागतिक वेळ धरतो.

## चिठ्ठीवरचं नाव

इथे जरा थांबतो, कारण आपल्या भाषेचा संबंध इथे सगळ्यात जास्त येतो.

विंडोजवर फाइलच्या नावात ही चिन्हं चालत नाहीत: \ / : * ? " < > |. लिनक्सला फक्त सरळ तिरकी रेघ (/) नको असते, बाकी सगळं चालतं. मॅकच्या खिडकीत तर तुम्ही ‘हिशेब ३१/१२’ असं नाव खुशाल देऊ शकता, तो ती रेघ आत वेगळ्या चिन्हाने लपवून ठेवतो. तीच फाइल विंडोजकडे निघाली की एक तर नाव भलतंच दिसतं, नाही तर ती नाकारली जाते. तारखेत रेघेऐवजी आडवी छोटी रेघ घाला. नावाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागा किंवा पूर्णविराम यांनीही विंडोज अडतो. लिनक्सवरून आलेली अशी एक फाइल पुसता पुसता मी एक संध्याकाळ घालवली आहे.

विंडोजमध्ये काही नावं तर डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमच्या, काळापासून राखीव आहेत. सी-ओ-एन, पी-आर-एन, ए-यू-एक्स, एन-यू-एल. ही तेव्हा उपकरणांची नावं होती. एखाद्या लिनक्सवाल्याने सी-ओ-एन नावाचा फोल्डर केला तर विंडोजला तो नेहमीच्या मार्गाने घेता येत नाही. आणि लिनक्स रोमन लिपीतलं मोठं आणि लहान अक्षर वेगळं मानतो. एकाच फोल्डरमध्ये मोठ्या ‘पी’ची आणि लहान ‘पी’ची अशा दोन वेगळ्या फोटोफाइली तिथे सुखाने राहतात, विंडोजवर आल्या की एक दुसरीच्या उरावर बसते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, तेवढी एक कटकट आपल्याला नाही.

दुसऱ्या आहेत. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, विंडोजवर २५५ चिन्हं. रोमन अक्षर एका बाइटात बसतं, त्यामुळे इंग्रजी नावांना दोन्ही मर्यादा सारख्याच. पण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेच्या, यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळे वेगळे मोजले जातात. नुसता ‘श्री’ म्हणजे श, हलन्त, र आणि वेलांटी. चार चिन्हं, बारा बाइट. हिशेब केला तर लिनक्सवर मराठी नाव फार तर ८५ चिन्हांचं. दहा-बारा शब्दांत ती संपतात. परिपत्रकाचा अख्खा विषय फाइलचं नाव म्हणून देणारी मंडळी आपल्याकडे कमी नाहीत. त्यांची फाइल विंडोजवर बिनतक्रार राहते आणि लिनक्सवर ‘नाव फार लांब’ म्हणून परत येते. विंडोजची स्वतःची वेगळी अट आहेच. ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेवटापर्यंतचा सगळा पत्ता नेहमीच्या हिशेबात २६० चिन्हांच्या आत हवा. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असं केलं की ती ओलांडली जाते.

आता माझा आवडता घोळ. ‘शेतकऱ्यांची यादी’ हे नाव घ्या. त्यातला ‘ऱ’ संगणकात तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो. थेट ऱ हे एक चिन्ह. किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, अशी दोन चिन्हं. किंवा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी मांडणी, एचएफएस प्लस, अशा अक्षरांची फोड करूनच नाव ठेवायची, म्हणजे तुम्ही एक चिन्ह टाइप केलं तरी वहीत र आणि नुक्ता. ती फाइल लिनक्सवर किंवा विंडोजवर आली, तिथे आधीच थेट ऱ वापरून लिहिलेली त्याच नावाची फाइल असली, की एका फोल्डरमध्ये डोळ्यांना तंतोतंत सारख्या नावाच्या दोन फाइली दिसतात. शोधायला गेलं तर एकच सापडते. भूतबित काही नाही. एकाच नावाच्या दोन स्पेलिंगा.

माझा सल्ला ऐकायला कडू आहे, आणि मराठीचा अभिमान असूनही देतो: ज्या फाइली सिस्टिमी बदलत फिरणार आहेत त्यांची नावं छोटी आणि रोमन लिपीत ठेवा. आत मराठीचा महासागर असू दे.

## झिप करून पाठवलं तर?

झिप म्हणजे अनेक फाइली एका फाइलीत बांधलेलं गाठोडं. त्याने बरेच प्रश्न सुटतात. हजारो छोट्या फाइली असतील तर झिप करावंच. प्रत्येक फाइल उघडणं, नोंद करणं, बंद करणं याला वेळ लागतो, म्हणून चाळीस हजार छोट्या फाइली तेवढ्याच आकाराच्या एका मोठ्या फाइलीपेक्षा कितीतरी रखडत जातात. पण झिपच्या आत नावं लिहिलेली असतात, आणि जुने झिप प्रोग्रॅम ती जुन्या अमेरिकन संकेतांनुसार वाचतात. नावांची भाजी होते. आतला माल शाबूत असतो.

मॅकवर केलेली झिप विंडोजवर उघडली की बहुतेक वेळा एक जादा फोल्डर आणि टिंबाने सुरू होणाऱ्या चिमुकल्या फाइली निघतात. अक्षरजुळणीवाला फोनवर म्हणाला, ‘व्हायरस आलाय तुमच्याकडून.’ व्हायरस नव्हता. मॅक आपल्या जादा नोंदी अशा वेगळ्या ठेवतो. त्या पुसल्या तरी चालतं.

## फाइल पोचली, अक्षरं नाहीत पोचली

काकूंच्या लॅपटॉपवर कथा उघडली तर पानभर रोमन अक्षरांचा आणि कंसांचा चिवडा. फाइल सुखरूप होती. ती युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. त्या काळच्या फॉन्टांत, कृतिदेव घ्या किंवा श्रीलिपीचे जुने फॉन्ट, रोमन अक्षराच्या जागेवर मराठी आकार काढून बसवलेला असे. फॉन्ट संगणकावर आहे तोवर मराठी, नाही की रोमन चिवडा. फॉरमॅट करून, पुन्हा कॉपी करून काहीही फरक पडणार नाही. नुसतं वाचायचं असेल तर फॉन्ट आत घालून केलेली पीडीएफ मागवा. दुरुस्त्या करायच्या असतील तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. हे काम करणारे परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरं नंतर डोळ्यांनी तपासावीच लागतात.

दुसरा प्रकार सीएसव्हीचा, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या यादीचा. लिनक्सवर केलेली वर्गणीदारांची मराठी यादी विंडोजवरच्या एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली की डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसतो, आणि मधूनमधून चक्क जपानी येनचं चिन्ह, ¥. हा येन ही फार उपयोगी खूण आहे. तो दिसला की समजावं, मजकूर युनिकोडच आहे, एक्सेल तो जुन्या पाश्चात्त्य संकेतांनी वाचतोय. फाइल सेव्ह न करता बंद करा. मग एक्सेलमधूनच डेटा आयात करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडा. सेव्ह केलीत तर चिवडाच पक्का होतो.

आणखी एक किरकोळ. टायपिंग क्लासला गेलेल्यांना आठवेल, ओळ संपली की दांडा ढकलायचा. त्या एका धक्क्यात दोन कामं व्हायची, कागद एक ओळ वर सरकायचा आणि कॅरेज सुरुवातीला यायचं. विंडोज साध्या मजकुराच्या फाइलीत अजून दोन्ही कामांची दोन चिन्हं लिहितो, लिनक्स आणि आजचा मॅक एकच. २०१८पर्यंत विंडोजच्या नोटपॅडला ते एकटं चिन्ह कळत नसे, आणि लिनक्सवरून आलेला मजकूर एकाच न संपणाऱ्या ओळीत दिसे. आता कळतं.

## एकाच वायफायवर आहोत, तरी दिसत नाही

पेनड्राइव्ह नको, नेटवर्कवरूनच पाठवू असं म्हटलं तर तिघांना बोलायला एक समान भाषा लागते. ती आहे, तिचं नाव एसएमबी. मूळ आयबीएममधली, पुढे विंडोजने उचललेली. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२च्या सुमाराला तारेवरून जाणारे संदेश ऐकून एका कंपनीच्या फाइल सर्व्हरची बोली उलगडली. ती एसएमबीच निघाली, आणि त्यातून ‘सांबा’ घडलं. एस, एम, बी ही अक्षरं क्रमाने येणारा शब्द त्यांनी संगणकातल्या शब्दयादीत शोधला, तो हा. लिनक्स आजही बहुधा सांबाच्या तोंडूनच विंडोजशी बोलतो. ॲपलनेही २०१३पासून एसएमबीला पहिली पसंती दिली.

भाषा एक असूनही संगणक दिसत नाही, तेव्हा आधी वाट पाहा. दोन्ही एकाच राउटरवर आहेत ना? राउटरचं ‘गेस्ट’ वायफाय सहसा मुद्दामच एकमेकांना दिसू देत नाही. प्रत्येक संगणकाचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा घरक्रमांक, पाहा, घरात तो बहुधा १९२.१६८ने सुरू होतो. १६९.२५४ने सुरू होत असेल तर त्या संगणकाला राउटरने पत्ताच दिलेला नाही. विंडोजवर ते वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदलं असेल तर विंडोज दार लावून बसतो. घरच्या वायफायला ‘प्रायव्हेट’ करा, चहाच्या दुकानातल्या वायफायला करू नका. आणि शेजारच्या संगणकांची यादी रिकामी दिसली म्हणून हरू नका. ती यादी फार लहरी असते. विंडोजच्या फाइल खिडकीत दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) देऊन पुढे समोरच्याचा आयपी पत्ता इंग्रजी आकड्यांत टाइप केला, की यादीत न दिसणारा संगणक कित्येकदा उघडतो.

उघडतो आणि पासवर्ड मागतो. इथे निम्मी जनता अडखळते. विंडोज सुरू करताना आपण चार आकडी पिन टाकतो, तोच इथेही टाकतो, आणि तो चालत नाही. पिन त्या यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो, मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर त्या खात्याचा, जो आपण कधीच विसरलेलो असतो. लिनक्सच्या बाजूला याहून मजा. सांबा आपल्या पासवर्डांची वही सहसा वेगळीच ठेवतो, त्यामुळे तिथे वापरकर्त्याचा सांबासाठी पासवर्ड निराळा नोंदवावा लागतो.

## काल चालत होतं, आज बंद

मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर किड्याने जगभरच्या संगणकांतल्या फाइली कुलूपबंद केल्या. तो एसएमबीच्या पहिल्या, जुनाट आवृत्तीतल्या भोकातून पसरला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज १०च्या नव्या आवृत्त्यांत ही जुनी बोली मुळात बसवणंच थांबलं. पुढे २०२४च्या विंडोज ११मध्ये, निदान प्रो आवृत्तीत, पासवर्डाशिवाय पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या फोल्डरात शिरणंही सुरुवातीपासूनच बंद ठेवलेलं येऊ लागलं. ज्या ऑफिसात जुना झेरॉक्स-स्कॅनर कागद स्कॅन करून थेट विंडोजच्या फोल्डरात टाकायचा, तिथे नवा संगणक आल्यावर तो एक दिवस अचानक मुका होतो. यंत्र बिघडलेलं नसतं, त्याला फक्त जुनी बोली येते.

इंटरनेटवर याचा उपाय म्हणून ‘जुनी आवृत्ती चालू करा’ असं सर्रास सांगतात. करू नका. वॉनाक्राय शिरला ते दार परत उघडण्यासारखं आहे. स्कॅनरचं सॉफ्टवेअर अद्ययावत होतं का पाहा, नाही तर त्याला मेलने पाठवायला लावा.

## एवढं करण्यापेक्षा क्लाउड बरा नाही का?

छोट्या फाइलींना बरा. पण हिशेब करून पाहा. घरच्या जोडणीचा वर चढवण्याचा वेग सेकंदाला ४० मेगाबिट असेल तर, आठ बिटांचा एक बाइट म्हणून आठाने भागून, सेकंदाला पाच मेगाबाइट. शंभर जीबीचं चित्रीकरण वर चढायलाच साडेपाच तास, मग खाली उतरायचे वेगळे. तेच पलीकडच्या टेबलावर न्यायचं असेल तर नेटवर्कची केबल किंवा चांगली डिस्क कितीतरी लवकर नेते. शिवाय क्लाउडचे फोल्डर कधी कधी फाइलचं फक्त नाव संगणकावर ठेवतात, फाइल लांब सर्व्हरवरच असते. ढगाचं छोटं चिन्ह दिसतं ते हेच. इंटरनेट नसताना ती पेनड्राइव्हवर घेता येत नाही.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबून लहान होतो, आणि छापखान्यात गेल्यावर नाकडोळे विरघळलेले दिसतात.

## कंपन्या हे मुद्दाम करतात का?

थोडं हो, थोडं नाही. फॅटच्या लांब नावांसारख्या युक्त्यांवर मायक्रोसॉफ्टकडे पेटंटं होती, आणि त्यांवरून २००९ला त्यांनी टॉमटॉम या नकाशायंत्रांच्या कंपनीवर दावाही ठोकला, तो पुढे तडजोडीने मिटला. एपीएफएस वाचण्याची सोय विंडोजमध्ये नाही, एनटीएफएसवर लिहिण्याची मॅकमध्ये नाही. यात तांत्रिक अडचण किती आणि ‘आमच्याच अंगणात राहा’ हा भाव किती, याबद्दल मला शंका आहे. पण ओळीच्या शेवटची दोन चिन्हं किंवा ३२ बिटांचा चौकोन यात कुणाचा डाव नव्हता. त्या वेळी जे पुरेसं वाटलं ते लोकांनी केलं.

## पोचली, पण तीच आहे का?

महत्त्वाच्या फाइलीसाठी हॅश काढा. हॅश म्हणजे फाइलच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला अंगठ्याचा ठसा. तिन्ही सिस्टिमांत तो काढायची सोय आधीपासून असते. इथला ठसा आणि तिथला ठसा जुळला की फाइल बाइटशः तीच. एक बिट बदलला तरी सगळा ठसा बदलतो. छापखान्याला अंकाची अंतिम पीडीएफ दिली तेव्हा मी हा ठसा फोनवर वाचून जुळवला. पलीकडचा मुलगा हसला, पण त्याने जुळवला.

आता राहिला काकूंचा फोन. मुखपृष्ठामागच्या पानावरचा जुना कौटुंबिक फोटो त्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये होता आणि तो त्यांच्या लॅपटॉपवर काही केल्या दिसेना. फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचा पर्यायच येत नव्हता. नुसतं चार्जिंग. मी लिनक्सला बोल लावले, भाच्याने फोनला लावले, सेटिंगं उलटीपालटी केली, दोनदा सगळं बंद करून चालू केलं. दोन तासांनी काकूंनी विचारलं, ‘ही वायर पॉवर बँकेची आहे, चालते ना?’ तिच्यात विजेच्या तारा होत्या, डेटाच्या नव्हत्याच. फोनच्या डब्यातली मूळ वायर लावली आणि फोटो आला. ती दुसरी वायर काकूंनी टाकली नाही. टोकाला लाल दोरा बांधून ठेवली आहे, माझ्या हातात पुन्हा पडू नये म्हणून.